चोवीस तासांची बाई आणि आपले अठ्ठेचाळीस तास

माझी भाची सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. जावईबापू बँकेत. त्यांना जुळी मुले झाली. १८० दिवसांची प्रसूती रजा संपत आली तेव्हा एका रविवारी ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या ड्युट्या लावल्या. आता आमच्या घरच्या लावून द्या." कागद एका ब्युरोचा होता. घरात राहून बाळ सांभाळणाऱ्या बायका पुरविणारा ब्युरो. त्यावर तीन प्रकार छापले होते. चोवीस तासांची एक बाई, महिन्याला दोन सुट्ट्या. दोन बायका, पंधरा-पंधरा दिवस आलटून-पालटून. किंवा दोन बायका, बारा-बारा तास. प्रत्येकापुढे दर. यांपैकी कोणता प्रकार घ्यावा, एवढाच तिचा प्रश्न होता.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी एस.टी.च्या आगारात, चालक-वाहकांच्या ड्युट्या लावण्यात गेली. त्यामुळे हे काम चहा पिता पिता होईल असे मला वाटले. कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि संध्याकाळ झाली तरी हिशेब जुळेना.

वाचकहो, जुळ्यांना कोणी सांभाळायचे हा विषय चळवळीच्या पानावर कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या आया-बहिणी वर्षानुवर्षे दुसऱ्यांची घरे झाडत आल्या, दुसऱ्यांची लेकरे वाढवत आल्या. ते आपल्याला ठाऊक आहे, त्यावर आपण भाषणे करतो, कविता लिहितो, मोर्चे काढतो. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक गोष्ट घडली आहे आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. आपल्यातली नवरा-बायको दोघेही शिकली, दोघांनाही नोकऱ्या लागल्या. नेरूळला, खारघरला, कल्याणला सोसायटीत घर झाले, आणि त्या घराच्या दारावर सकाळी बाई बेल वाजवू लागली. पगार देणाऱ्याच्या खुर्चीवर आता आपणही बसलो आहोत. त्या खुर्चीवर बसून आपण ड्युटी कशी लावतो, हे तपासायला नको काय?

(भाचीने ब्युरोत फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने आधी विचारले, "कोणत्या समाजाची बाई हवी?" हिने आपले आडनाव सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तुमच्यातलीच देऊ का?" पुढचे भांडण इथे लिहीत नाही. ती नर्स आहे, तिला भांडता येते.)

आता हिशेबाकडे येऊ. आगारात आमचे माप एकच, ड्युटी. आठ तासांची एक ड्युटी, आठवड्याला सहा, म्हणजे ४८ तास. महिन्याला साधारण २६ ड्युट्या. हे आकडे कोणी दानात दिलेले नाहीत. गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवस, रविवार, मोकळा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे १८९० साली ती सुट्टी पदरात पडली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, ते विधेयक त्यांच्या खात्याचे. भाचीने जी प्रसूती रजा भोगली तिच्यासाठी याच माणसाने १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात भाषण केले होते. आमच्या चालक-वाहकांना १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तास आणि मधल्या विश्रांतीसह बारा तासांचे स्प्रेड-ओव्हर दिले. म्हणजे सकाळी सहाला हजर झालेला माणूस, मध्ये चार तास बसून असला तरी, संध्याकाळी सहानंतर ड्युटीवर ठेवता येत नसे.

या मापाने ब्युरोचा कागद मोजू. पहिला प्रकार, एक बाई, दोन सुट्ट्या. तीस दिवसांच्या महिन्यात ती २८ दिवस घरात. रात्रीचे आठ तास ती गाढ झोपते असे धरले, तरी दिवसाचे सोळा तास उरतात. २८ गुणिले १६ म्हणजे ४४८ तास, म्हणजे ५६ ड्युट्या. एका महिन्यात छप्पन्न दिवसांचे काम! दुसरा प्रकार, पंधरा-पंधरा. कागदावर हा सर्वांत उदार दिसतो, कारण 'महिन्यातले पंधरा दिवस सुट्टी' असे ठळक अक्षरांत छापले आहे. १५ गुणिले १६ म्हणजे २४० तास, ३० ड्युट्या. महिन्याचे सगळे दिवस भरले, साप्ताहिक सुट्टी एकही नाही. तेव्हा त्या पंधरा दिवसांना सुट्टी म्हणणे ही लबाडी आहे. ती आधीच करून ठेवलेल्या कामाची परतफेड आहे, आणि तीही अपुरी. तिसरा प्रकार, बारा-बारा तास. २६ दिवस धरले तर ३१२ तास, ३९ ड्युट्या, जाण्यायेण्याची वेळ वेगळी. सात दिवस घरात, सात दिवस घरी, असाही एक प्रकार हल्ली ऐकू येतो. त्याचे गणित पंधरा-पंधराचेच, फक्त तुकडे लहान.

आणि हे सगळे रात्र शून्य धरून. रात्र शून्य असते काय? ज्यांनी तान्ही मुले वाढवली आहेत त्यांनी मनाशी उत्तर द्यावे. जुळ्यांच्या घरी तर एकाला झोपवले की दुसरे उठते. ब्युरोवाला म्हणतो, बाळ झोपले की बाईही झोपते, तिला काम काय? आमचा वाहक गाडी सुटण्याची वाट पाहत स्थानकावर बसतो तेव्हा तो काही तिकिटे फाडत नसतो, पण तो ड्युटीवरच असतो. आणि शेवटची गाडी घेऊन जो गावात मुक्कामाला जातो त्याला आम्ही रात्रवस्ती म्हणतो. तो झोपतो खरा, पण रोकड जवळ ठेवून, एक कान उघडा ठेवून, आणि स्वतःच्या घरापासून लांब. त्याला रात्रवस्तीचा भत्ता मिळतो. पाळण्याशेजारी चटई टाकून झोपणारी बाई काय वेगळे करते? तिच्या भत्त्याचे नाव कोणी ऐकले आहे?

भाचीला मी सांगितले, प्रश्न उलटा मांड. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे ४८. बाळांपाशी अहोरात्र कोणीतरी हवे असेल तर १६८ भागिले ४८, साडेतीन माणसे लागतात. तुझी ऐपत दोन बायकांची. दोघींचे मिळून ९६ तास. उरले ७२. ते कोणाचे?

जावईबापू तोपर्यंत वर्तमानपत्र वाचत होते. ते ७२ तास आई-बापाचे आहेत हे कानावर पडल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

गंमत अशी की ७२ चे तुकडे अगदी नीट पडतात. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास, सात रात्री, म्हणजे ५६. उरलेले १६, म्हणजे रविवारचा पूर्ण दिवस. रात्र आणि रविवार आई-बापाचा. बाकीचे सहा दिवस, रोज सोळा तास, हे ९६ झाले. ते दोघींनी वाटून घ्यायचे. भाचीला महिन्यातून काही दिवस रात्रपाळी असते. त्या रात्री कोण उठणार, असे जावईबापूंनी विचारले. मी म्हणालो, "तुम्ही." "पण मामा, मला सकाळी बँकेत जायचं असतं." बाईलाही सकाळी कामच असते, एवढेच माझे उत्तर होते. स्त्रीमुक्तीवर जावईबापू फार चांगले बोलतात, गेल्या ८ मार्चला त्यांचे भाषण मी स्वतः ऐकले आहे.

पण ९६ तास दोघींनी कसे वाटायचे? इथे मी एक चूक करणार होतो, आणि ती आगारातल्या सवयीची चूक होती. मी चौकटी आखून नावे भरायला लागलो. भाचीनेच पेन्सिल धरली. म्हणाली, "त्यांना विचारलं का?" खरेच की. तीन प्रकार ब्युरोने ठरवले, निवड घरमालकाने करायची, चौथा हिशेब मामाने मांडला, आणि ज्यांनी काम करायचे त्या दोघी कुठेच नाहीत!

मग दोघींना घरी बोलावले, चहा झाला. (कप सगळ्यांचे सारखे. हे लिहावे लागते, कारण आपल्याही काही घरांत बाईचा कप वेगळा असतो आणि तो मी पाहिला आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्याच कपाटात तो ठेवलेला असतो.) एक परभणी जिल्ह्यातली. नवरा नाही, मुलगी दहावीला, आजीजवळ राहते. दुसरी मानखुर्दची, तिचा मुलगा चार वर्षांचा. परभणीच्या बाईंना पंधरा-पंधरा हवे होते. त्यांचे म्हणणे असे की सात दिवसांची पाळी लावली तर रात्रभराचा प्रवास जाताना आणि येताना. सातातले दोन दिवस गाडीतच जातात, आणि दर आठवड्याला भाडे कोण देणार? मुलीजवळ सलग राहायला मिळाले तर तिचा अभ्यास तरी डोळ्यांखाली होईल. मानखुर्दच्या ताई म्हणाल्या, पंधरा दिवस मी घर सोडले तर माझा पोरगा मला विसरेल. त्यांना सातही जास्त वाटत होते.

आता सांगा, एकच वेळापत्रक दोघींना कसे लावणार? ब्युरोच्या पद्धतीने एकीला 'जमत नसेल तर दुसरी आहे' म्हणून वाटेला लावले असते. तिथेच रात्रीचा निर्णय उपयोगी पडला. रात्र आई-बापाची झाल्यावर मानखुर्दच्या बाईंनी रात्री तिथे झोपायचे कारणच उरले नाही. नेरूळहून हार्बर लाइनने त्या घरी जाऊ शकतात. राहायची गरज फक्त परभणीच्या बाईंना, कारण मुंबईत त्यांचे घर नाही. बाई घरात राहते ती आपल्या सोयीसाठी, असे आपण धरून चालतो. इथे ते राहणे तिच्या सोयीचे झाले, आणि रात्री पाळण्यापाशी जायचे नाही हे कागदावर लिहिले गेले.

शेवटी ठरले ते असे. पंधरवड्याची पाळी, सोमवारी सुरू, मधला रविवार मोकळा, दुसऱ्या शनिवारी रात्री संपते. म्हणजे कामाचे दिवस बारा. बारा गुणिले सोळा १९२, आणि चार आठवड्यांवर ते पसरले की आठवड्याला बरोबर ४८. सोळा तास सलग कोणालाच झेपत नाहीत, स्प्रेड-ओव्हरच्या मापाने ते चूकच आहे, हे मलाही कळते. म्हणून दुपारी किंवा संध्याकाळी आई-बापांपैकी जे घरी असेल त्याने मुले हातात घ्यायची आणि बाईने त्या वेळात दार लावून पडावे, फोनवर बोलावे, बाजारात जावे. 'जरा कुकर लावता का' असे त्या वेळात म्हणायचे नाही. मानखुर्दच्या बाईंची पाळी असेल तेव्हा त्या सकाळी आठला येतात आणि रात्री आठच्या आत निघतात. अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन तास घरच्यांचे. पगार मात्र दोघींना सारखा, दर महिन्याला पूर्ण. हजेरीच्या दिवसांचा अर्धा पगार आणि घरी गेलेल्या पंधरवड्याचा शून्य, हा ब्युरोचा हिशेब फाडून टाकला. परभणीच्या बाईंना गाडीभाडे आणि शिवाय रात्रवस्तीचा भत्ता. हा शब्द ऐकून त्या हसल्या, त्यांचा दीर एस.टी.त आहे म्हणे.

मधल्या रविवारचे मात्र सोपे नव्हते. शनिवारी रात्री दहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत बत्तीस तास मोकळे. पण ज्या घरात काम करायचे त्याच घरात बसून सुट्टी कशी घेणार? बाळ रडले की हात आपोआप पुढे होतो, आणि घरच्यांनाही ते सोयीचे असते. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १८९, जून २०११ चा, त्यात हे नेमके ओळखले आहे. आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती, आणि विश्रांतीच्या वेळात त्या घरात थांबण्याचे बंधन नाही. हाकेला बांधील राहण्याचा वेळही कामाच्या वेळात धरावा, किती धरावा ते देशाच्या कायद्याने ठरवावे, असेही त्यात म्हटले आहे. परभणीच्या बाई आता रविवारी कुर्ल्याला चुलत बहिणीकडे जातात.

भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता आजतागायत दिलेली नाही. फिलिपाइन्सने दिली, आणि २०१३ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदाही केला. आपल्याकडे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ चा आहे. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, पण कामाचे तास नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या व्याख्येतून घरकाम चक्क वगळले आहे, आणि सुरक्षा व कामाच्या स्थितीची संहिता बोलते ती मुख्यतः दहा कामगारांच्या आस्थापनेबद्दल. दहा बाया ठेवणारे घर कोणाचे असते? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला समिती नेमून घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला सांगितले. तो कायदा यायचा तेव्हा येईल, त्यासाठी आपल्या संघटनांनी रस्त्यावर उतरलेच पाहिजे. पण कायदा नाही म्हणून आपल्या घरात ५६ ड्युट्या लावायला कोणी सांगितले आहे?

पाळी बदलण्याबद्दल दोन गोष्टी अनुभवाच्या. चालक बदलताना गाडीतला बिघाड आधीच्याने पुढच्याला सांगितलाच पाहिजे, हा आगाराचा नियम. इथेही बदलीच्या वेळी दोन तास दोघींची गाठ पडली पाहिजे आणि ते दोन तास दोघींच्या कामात धरले पाहिजेत. कोणते बाळ किती प्यायले, कोणाला जुलाब झाले, कोणते औषध किती वाजता, हे वहीत. दुसरे भाचीकडून कळले. सात-आठ महिन्यांची मुले अनोळखी चेहऱ्याला घाबरू लागतात, ओळखीचे माणूस दिसेनासे झाले की रडतात. त्यामुळे सुरुवातीचा पूर्ण आठवडा दोघी एकत्र होत्या. खर्च झाला, पण पहिल्या बदलीला घर डोक्यावर घेतले गेले नाही.

आणि आता सगळ्यात नाजूक जागा, म्हणजे सणवार. १४ एप्रिल दोघींना हवी. १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, मानखुर्दच्या बाईंना वस्तीत थांबायचे असते. ६ डिसेंबरला भाची-जावई दोघेही दरवर्षी चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर असतात. मुले कोणाजवळ? जावईबापू सहज बोलून गेले, "त्या दिवशी बाई थांबतील, नंतर बदली सुट्टी देऊ."

'बदली सुट्टी' हा शब्द ऐकला की मला आई आठवते. मी लहान असताना ती पुण्यात एका बंगल्यात राहती आया होती. आम्ही भावंडे आजीजवळ. पंधरा दिवसांतून एक रविवार तिला यायचे असे ठरलेले. पण त्यांच्याकडे पाहुणे येत, बारसे असे, मालकीणबाई आजारी पडत, आणि दर वेळी निरोप येई, पुढे बदली देऊ. आजी दारामागच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. आई ती नोकरी सोडून आली तेव्हा त्या भिंतीवर अकरा रेघा होत्या. नंतर भिंत सारवली गेली. त्या बंगल्यातली माणसे वाईट नव्हती, आईला लुगडी देत, पगार वेळेवर देत. त्यांच्या वहीत फक्त त्या अकरा दिवसांची नोंद नव्हती.

म्हणून भाचीच्या घरी एक वही आहे आणि तिच्यात 'देणे' असा रकाना आहे. नियम एवढाच की घेतलेला दिवस महिन्याच्या आत परत करायचा, कोणता ते बाईने सांगायचे. १४ एप्रिलचे ठरले की त्या दिवशी दोघींनाही सुट्टी, मुले आई-बापाच्या कडेवर. ६ डिसेंबरला दोघांपैकी एकानेच दादरला जायचे, एक वर्ष ती, एक वर्ष ते. यंदा पाळी भाचीची आहे.

मागच्या महिन्यात ती रात्रपाळीला असताना जावईबापूंना दोन्ही मुले आवरेनात. रात्री दोनला त्यांनी परभणीच्या बाईंना उठवले. एकदाच, असे ते मला सांगत होते. सकाळी भाची घरी आली, वही उघडली. 'देणे'च्या रकान्यात बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले होते : रात्री २ ते ३, एक तास.